ब्लोअर किती मोठा आणि किती एचपीचा? फेटलिंग शॉपच्या एका उदाहरणावरून पूर्ण हिशेब

'साहेब, वीस एचपीचा ब्लोअर कितीला पडेल?' महिन्यातून दोन-तीनदा तरी असा फोन येतो. हवा किती लागते, डक्ट (हवा वाहून नेणारा पत्र्याचा पाइप) किती लांब आहे, मध्ये फिल्टर आहे का, हे विचारलं की समोरचा जरा वैतागतो. 'ते तुम्ही बघा, शेजारच्याकडे वीसच आहे आणि मस्त ओढतोय.'

एचपी हा ब्लोअरच्या हिशेबातला शेवटचा आकडा आहे, पहिला नव्हे. आधी हवा किती ते ठरवायचं, मग ती हवा वाहून नेताना अडथळा किती येतो ते मोजायचं. या दोन आकड्यांतून एचपी आपोआप बाहेर पडतो. वीस एचपीची मोटर भरपूर हवा कमी दाबाने फेकेल किंवा थोडी हवा जास्त दाबाने. नुसत्या एचपीवरून यातलं काहीच कळत नाही.

खालचा सगळा हिशेब एकाच उदाहरणावर केला आहे. कोल्हापूर भागातली मध्यम आकाराची फाउंड्री, कास्टिंग घासण्याचं फेटलिंग शॉप, तिथे तीन ग्राइंडिंग बूथ आणि दोन पेडेस्टल ग्राइंडर. धूळ ओढून बॅग फिल्टरमधून, म्हणजे कापडी बॅगांमधून गाळायची आणि स्वच्छ हवा चिमणीने बाहेर सोडायची. लाकडाचा भुसा, बॉयलरचा धूर ओढणारा आयडी फॅन, पेंट बूथ असं काहीही असलं तरी पायऱ्या याच, फक्त आकडे बदलतात.

सुरुवातीला एककं सरळ करून घ्या

आपल्याकडे एकाच कोटेशनमध्ये सीएफएम, सीएमएच, इंच आणि मिलिमीटर सुखाने नांदतात. सीएफएम म्हणजे मिनिटाला घनफूट, सीएमएच म्हणजे तासाला घनमीटर. १ सीएफएम म्हणजे १.७ सीएमएच, म्हणजेच तासाला १.७ घनमीटर. दाब मोजायचा तो पाण्याच्या स्तंभाच्या मिलिमीटरमध्ये. पुढे त्याला नुसतं 'एमएम' म्हणतो. १ एमएम म्हणजे ९.८१ पास्कल आणि १ इंच वॉटर गेज म्हणजे २५.४ एमएम. एकदा इंचातला आकडा एमएम समजून वाचला गेला की पुढे काय होतं ते सांगायला नको.

जाता जाता, पुस्तकी व्याख्येत बाहेर पडणाऱ्या हवेचा दाब आत शिरणाऱ्या हवेच्या दाबाच्या १.११ पटीपर्यंत असेल तर तो 'फॅन' आणि १.११ ते १.२ पट असेल तर 'ब्लोअर'. त्या मापाने आपल्या कारखान्यांतले बहुतेक ब्लोअर खरं तर फॅनच आहेत. पण शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत जाऊन कुणाला फॅन म्हटलं तर तो छताकडे बघेल, म्हणून इथेही ब्लोअरच म्हणू.

हवा किती लागेल?

धूळ जिथे उडते तिथे तिला पकडायला हवेचा किती वेग लागतो, इथून सुरुवात करायची. संथ हवेत हळूच उठणाऱ्या धुळीला सेकंदाला अर्धा ते एक मीटर पुरतो. जोरात उडणाऱ्या, ग्राइंडरच्या चाकावरून सुटणाऱ्या धुळीला उघड्यावर पकडायचं तर अडीच ते दहा मीटर लागतात. तेवढी हवा ओढणं परवडत नाही. म्हणून शक्य तितकं झाकायचं, म्हणजे बूथ करायचा. ठिणग्यांची धार बूथच्या आतल्या भिंतीवर जाते आणि समोरच्या उघड्या तोंडावर कमी वेग चालून जातो.

आपल्या बूथचं तोंड १.२ मीटर रुंद आणि १ मीटर उंच, म्हणजे १.२ चौरस मीटर. तोंडावर सेकंदाला अर्धा मीटर वेग पुस्तकात चालतो. मी १ मीटर धरतो. कारण मे महिन्यात तिथला घामाने भिजलेला माणूस पेडेस्टल फॅन आपल्याकडे वळवून घेणार, आणि तो झोत बूथमधली धूळ बाहेर काढणार. त्यात शेडचं मोठं शटर दिवसभर उघडं. ड्रॉइंगवर हे दिसत नाही, शॉपमध्ये तासभर उभं राहिलं की दिसतं.

एका बूथची हवा १.२ × १ = सेकंदाला १.२ घनमीटर, म्हणजे ४,३२० सीएमएच. तिन्ही बूथ मिळून १२,९६०. पेडेस्टल ग्राइंडरच्या चाकाला गार्डचा हूड घट्ट बसवला आहे, तिथे प्रत्येकी १,००० सीएमएच धरले. एकूण १४,९६०, म्हणजे १५,००० सीएमएच.

फिल्टरची दारं, फ्लँजचे जोड, धूळ काढायचा रोटरी व्हॉल्व्ह यांतून थोडी हवा बाहेरून आत येतेच. तिच्यासाठी ५ ते ७ टक्के. आपण ब्लोअरसाठी १६,००० सीएमएच धरू, म्हणजे सेकंदाला ४.४४ घनमीटर. हवेवरची वाढ इथे एकदाच करायची. हे वाक्य वहीत लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

सगळी यंत्रं एकाच वेळी चालतात का, हेही इथेच विचारायचं. धूळ ओढायचे दहा पॉइंट असून एका वेळी चारच चालत असतील आणि बाकीच्यांना बंद करायचे गेट असतील, तर ब्लोअर बराच लहान होतो. पण ते गेट कामगार खरंच बंद करतील का, याचं उत्तर प्रामाणिकपणे द्या.

डक्टचा व्यास

डक्ट रुंद केला तर अडथळा कमी होतो, पण वेग कमी पडून धूळ तळाशी बसते. धूर किंवा वाफ असेल तर १० ते १३ मीटर वेग चालतो. सर्वसाधारण औद्योगिक धुळीला १८ ते २०, आणि फाउंड्रीच्या जड धुळीला २० ते २३ मीटर प्रतिसेकंद लागतो.

बूथपासून मुख्य डक्टला मिळणाऱ्या फांदीसाठी १.२ भागिले २० म्हणजे ०.०६ चौरस मीटर. व्यास निघतो २७६ मिलिमीटर, २७५ चा घेतला, वेग आला २०.२. मुख्य डक्टला सेकंदाला ४.१७ घनमीटर, व्यास ५०० मिलिमीटर, वेग २१.२. शेवटच्या बूथपासून मुख्य डक्ट टप्प्याटप्प्याने मोठा होत यायला हवा. सगळीकडे एकच ५०० चा पाइप टाकला तर लांबच्या टोकाला वेग मरतो आणि सहा महिन्यांत डक्ट अर्धा भरतो. मग तो धुळीच्या वजनाने हँगरसकट खाली येतो.

अडथळ्याचा हिशेब

इथे घाई करू नका. सगळं गणित 'व्हेलॉसिटी प्रेशर' या एका आकड्याभोवती फिरतं. त्याला व्हीपी म्हणू. सूत्र सोपं आहे: वेगाला ४.०४ ने भागा आणि आलेल्या आकड्याचा वर्ग करा, उत्तर एमएममध्ये येतं. हवेची घनता १.२ किलो प्रति घनमीटर असताना हे लागू पडतं. आपल्या फांदीत व्हीपी २५ एमएम आणि मुख्य डक्टमध्ये २७.५ एमएम.

आता सर्वांत लांबचा किंवा सर्वांत अवघड एकच मार्ग धरायचा. सगळ्या फांद्यांच्या अडथळ्यांची बेरीज करायची नसते. हवा समांतर वाहते, रांगेत नव्हे. ही चूक मी चांगल्या इंजिनिअरच्या कागदावरही पाहिली आहे.

आपला मार्ग असा:

- बूथचं तोंड, निमुळता हूड: हवेला वेग देण्याचा १ व्हीपी आणि शिरतानाचा ०.२५ व्हीपी मिळून ३१ एमएम
- फांदीचा ८ मीटर सरळ पाइप: १५
- फांदीतले दोन बेंड, त्रिज्या दीड व्यासाची, प्रत्येकी ०.३ व्हीपी: १५
- फांदी मुख्य डक्टला ३० अंशांत मिळते तो जोड: ५
- मुख्य डक्ट १८ मीटर, मीटरला सरासरी १.२ एमएम: २२
- मुख्य डक्टचे तीन बेंड: २५
- ठिणग्या विझवायला स्पार्क अरेस्टर: ५०
- बॅग फिल्टर, बॅगा मळलेल्या असताना: १५०
- फिल्टरच्या पेटीतून पुन्हा डक्टमध्ये शिरताना: २३
- पुढचा ६०० मिलिमीटरचा डक्ट, एक बेंड आणि १२ मीटर चिमणी: १४

बेरीज ३५० एमएम.

सरळ पाइपचा अडथळा असा काढला: ०.०२ × लांबी ÷ व्यास × व्हीपी. फांदीसाठी ०.०२ × ८ ÷ ०.२७५ × २५ = १४.५. तो ०.०२ हा आकडा गुळगुळीत पत्र्याच्या गोल डक्टसाठी ठीक आहे. वायरची स्प्रिंग असलेला लवचीक होज वापरला तर अडथळा कितीतरी वाढतो. म्हणून होज लागलाच तर हातभर, चार मीटर नव्हे.

बेंडकडे नीट बघा. त्रिज्या दीड व्यासाची असेल तर ०.३ व्हीपी, पण जागा नाही म्हणून काटकोनात दोन पाइप जोडले तर तोच बेंड १.२ व्हीपीच्या पुढे जातो. मुख्य डक्टचे तीन बेंड तसे झाले तर २५ च्या जागी शंभर एमएम. फॅब्रिकेटरने पत्र्यात वाचवलेले दोन हजार रुपये तुम्ही दरवर्षी विजेच्या बिलात भरता.

चिमणीवरची पावसाची टोपी मी हिशेबात धरलेली नाही, कारण ती मी बसवूच देत नाही. टोपी हवेला परत खाली दाबते. कोकणातल्या पावसालाही उभ्या चिमणीभोवती मोठ्या व्यासाची बाही आणि खाली पाण्याला वाट एवढं पुरतं.

बॅग फिल्टरचा आकडा फिल्टरवाल्याकडून लेखी घ्या. आपल्या १६,००० सीएमएचला, म्हणजे मिनिटाला २६७ घनमीटर हवेला, मिनिटाला सव्वा मीटर गाळण-वेगाने सुमारे २१३ चौरस मीटर कापड लागतं. स्वस्तात बसवायला कुणी १४० चौरस मीटरचा फिल्टर दिला, तर त्याचा १५० एमएमचा शब्द महिनाभरही टिकणार नाही.

अजून एक सांगायचं तर, याच फेटलिंग शॉपमध्ये ॲल्युमिनियमचे कास्टिंगही घासत असाल तर ती धूळ या लाइनला जोडू नका. लोखंडाच्या ठिणग्या आणि ॲल्युमिनियमची बारीक धूळ एका फिल्टरमध्ये म्हणजे स्फोटाला आमंत्रण. त्याची व्यवस्था वेगळी, जाणकाराकडूनच.

कोल्हापूरची हवा पातळ आहे

कॅटलॉगमधले सगळे आकडे समुद्रसपाटीच्या, २० अंशांच्या, १.२ घनतेच्या हवेचे असतात. पुणे आणि कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहेत. तिथे ३२ अंश तापमानाला घनता १.०८ च्या आसपास येते, म्हणजे दहा टक्के कमी. ब्लोअर तेवढेच घनमीटर फेकतो, पण दाब दहा टक्के कमी निर्माण करतो.

आपल्या ३५० पैकी बॅगांचे १५० तसेच राहतात, कारण कापडातून हवा फार संथ जाते आणि तिथे घनतेचा फारसा संबंध नसतो. उरलेले २०० वेगाशी बांधलेले. पातळ हवेत ते १८० होतात. म्हणजे जागेवर खरी गरज ३३० एमएम. हिशेबात राहून गेलेल्या गोष्टींसाठी थोडी शिल्लक ठेवून ३६० धरू. कॅटलॉगच्या भाषेत ते होतात ३६० ÷ ०.९ = ४०० एमएम. मुंबई, पनवेल किंवा गोव्याला हीच जोडणी असती तर घनतेची ही भानगड जवळपास नसती.

गरम वायू असेल तर हा मुद्दा कळीचा होतो. १५० अंशांच्या ड्रायरचा ब्लोअर चालताना हलक्या हवेवर चालतो, पण सकाळी सुरू करताना हवा थंड आणि जड. तेव्हा शाफ्टवरची ताकद सुमारे ४४ टक्के जास्त लागते. मोटर कशावर काढायची आणि सुरू करताना डॅम्पर (हवा अडवणारी झडप) कसा ठेवायचा, हे तिथे आधीच ठरवावं लागतं.

आता एचपी

सूत्र एवढंच:

किलोवॅट = (घनमीटर प्रतिसेकंद × एमएम) ÷ (१०२ × कार्यक्षमता)

आपल्यासाठी वरचा भाग ४.४४ × ३६० = १,५९८. प्रश्न उरतो कार्यक्षमतेचा, आणि तो इंपेलरच्या, म्हणजे ब्लोअरमधल्या फिरणाऱ्या चाकाच्या, पात्यांवर ठरतो. मागे वळलेली पाती, म्हणजे बॅकवर्ड कर्व्ह, उत्तम स्थितीत ८० टक्क्यांच्या आसपास जातात. सरळ रेडियल पाती ७० च्या आसपास. पुढे वळलेली ६० ते ६५. हे शिखरावरचे आकडे. तुमचा बिंदू नेमका शिखरावर पडेलच असं नाही, म्हणून मी बॅकवर्डला ७५ आणि रेडियलला ६५ धरतो.

धुळीच्या हवेत बॅकवर्ड पाती चालत नाहीत, त्यांच्यावर धूळ बसून इंपेलरचा तोल जातो. म्हणून ब्लोअर फिल्टरच्या आधी असेल तर रेडियल हवा. आपला ब्लोअर फिल्टरच्या नंतर, स्वच्छ हवेत आहे, तेव्हा बॅकवर्ड घेता येतो.

बॅकवर्ड: १,५९८ ÷ (१०२ × ०.७५) = २०.९ किलोवॅट. व्ही-बेल्टमध्ये ५ टक्के जातात, म्हणून २२ किलोवॅट.

रेडियल: १,५९८ ÷ (१०२ × ०.६५) = २४.१, बेल्टसह २५.४ किलोवॅट.

आता कोटेशनमधला मोह: २२ किलोवॅट लागतात आणि २२ किलोवॅटची, म्हणजे ३० एचपीची मोटर बाजारात तयार मिळते. घेऊ नका. डिसेंबरच्या सकाळी १५ अंशांना हवा सहा टक्के जड होते, आकडा २३.३ वर जातो. त्यावर किमान १० टक्के मोकळीक ठेवली की २५.६. पुढची प्रमाणित मोटर ३० किलोवॅट, म्हणजे ४० एचपी.

रेडियलचा हिशेबही त्याच पद्धतीने साडेएकोणतीसवर येतो आणि त्यालाही ३० किलोवॅटचीच मोटर बसते. मग गिऱ्हाईक म्हणतं, 'मोटर सारखीच, मग स्वस्तातला रेडियल द्या की.' इथे थांबा. मोटर नेमप्लेटएवढी वीज खात नाही, शाफ्ट मागेल तेवढी खाते. दोन ब्लोअरमधला फरक ३.४ किलोवॅटचा, मोटरची कार्यक्षमता ९३ टक्के धरली तर मीटरवर साधारण ३.७. दोन पाळ्या, वर्षाला ४,८०० तास, म्हणजे साडेसतरा हजार युनिट. युनिटला ८ रुपये धरले तर वर्षाला १ लाख ४० हजार. मोटर निवडताना आयएस १२६१५ प्रमाणे आयई-३ या जास्त कार्यक्षमतेच्या वर्गाची मागा, तोही फरक याच मीटरवर दिसतो.

पाती आणि अँपिअर यांचं नातं

बॅकवर्ड पात्यांचा आणखी एक गुण मला अनुभवातून कळला, आणि तो अनुभव महागात पडला. धंद्यात नवीन असतानाची गोष्ट. रेडियल ब्लोअर, २२ किलोवॅटची मोटर, सगळी उभारणी झाली, फक्त बॅगा यायच्या होत्या. मालकांना मुहूर्तावर ब्लोअर फिरताना बघायचा होता. नारळ फोडला, बटण दाबलं. काही सेकंदांत ब्लोअर गाजू लागला, अँमीटरचा काटा चाळीसच्या खुणेवर थांबला नाही, साठच्याही पुढे गेला आणि ओव्हरलोड रिलेने खटकन लाइन सोडली. परत सुरू केला, परत तेच. मी पॅनेलवाल्याशी भांडलो, रिलेची सेटिंग वाढवायला लावणार होतो.

चूक त्याची नव्हती. फिल्टर रिकामा, दीडशे एमएमचा अडथळाच नाही, त्यामुळे हवा हिशेबापेक्षा कितीतरी जास्त वाहत होती. रेडियल आणि फॉरवर्ड पात्यांना हवा जितकी जास्त, तितकी ताकद जास्त लागते. वरची मर्यादाच नाही. अडथळा कमी झाला तर मोटरवरचा भार कमी होईल असं साधी अक्कल सांगते, इथे नेमकं उलटं होतं. शेवटी तोंडावर प्लायवूडचा तुकडा अर्धा आडवा धरला आणि काटा खाली आला. बॅकवर्डचा भार एका टप्प्यानंतर पुन्हा उतरतो, म्हणून बाजारात त्याला 'नॉन-ओव्हरलोडिंग' म्हणतात.

यावरूनच सेंट्रिफ्यूगल ब्लोअर सुरू करताना डॅम्पर बंद ठेवायची पद्धत आली. रूट्स ब्लोअरला मात्र हे चुकूनही करू नका. सांडपाणी प्रकल्पाच्या टाकीत हवा सोडणारा रूट्स ठरावीक हवा ढकलतच राहतो; पुढचा व्हॉल्व्ह बंद असेल तर दाब चढत जातो, म्हणून त्याला सेफ्टी व्हॉल्व्ह लागतोच. त्याचा दाब टाकीतल्या पाण्याच्या खोलीवरून निघतो: ४ मीटर पाणी म्हणजे ४,००० एमएम, वर पाइप आणि डिफ्यूझरचे धरून ५,००० पर्यंत. ते वेगळं प्रकरण आहे.

ब्लोअरचा आकार

कोटेशन येण्याआधी ब्लोअरला जागा किती लागेल याचा अंदाज हवा असतो. इंपेलरच्या कडेचा वेग दाब ठरवतो. बॅकवर्ड पात्यांसाठी ढोबळ हिशेब असा: कॅटलॉगचा दाब पास्कलमध्ये घ्या, दुप्पट करा, १.२ ने भागा, वर्गमूळ काढा. ४०० एमएम म्हणजे ३,९२४ पास्कल. उत्तर सुमारे ८१ मीटर प्रतिसेकंद.

व्यास = ६० × ८१ ÷ (३.१४ × आरपीएम). मोटरला थेट जोडून १,४५० फेरे ठेवले तर इंपेलर जवळपास १,०७० मिलिमीटरचा होतो, एवढ्या हवेसाठी उगाच मोठा आणि अरुंद. बेल्टवर १,९०० फेरे केले तर ८१५ च्या आसपास, आणि हे प्रमाण बरं बसतं. १,४६० च्या मोटरवर १३ इंची पुली आणि ब्लोअरवर १० इंची पुली म्हणजे १,८९८ फेरे. तोंड ६०० मिलिमीटर. केसिंग, बेस फ्रेम, मोटर आणि बेल्ट गार्ड धरून दोन मीटर चौरस जागा आणि एका बाजूने इंपेलर बाहेर काढायला मोकळी वाट ठेवा. हा अंदाज जागेसाठी आहे. खरा व्यास उत्पादकाच्या कर्व्हवरूनच, म्हणजे हवा आणि दाब दाखवणाऱ्या आलेखावरूनच.

तोंडाच्या अगदी पुढ्यात बेंड देऊ नका. हवा एका बाजूने भोवरा घेत आत शिरते आणि ब्लोअर कर्व्हवर दाखवलेलं काम देत नाही. तीन-चार व्यास सरळ पाइप हवा. जागा नसेल तर निदान बेंडमध्ये हवेला वळण देणाऱ्या पट्ट्या टाका.

शिल्लकीवर शिल्लक

सल्लागार हवेत २० टक्के वाढवतो, डक्टवाला दाबात २० टक्के, ब्लोअरवाला मोटरमध्ये एक साइज वर जातो आणि खरेदी विभाग 'पुढे एक बूथ वाढला तर' म्हणून अजून एक. प्रत्येकाचा हेतू चांगला. पण त्याच डक्टमधून २० टक्के जास्त हवा न्यायची तर दाब १.४४ पट आणि ताकद १.७३ पट लागते. मग पहिल्या दिवशीच डॅम्पर अर्धा बंद करावा लागतो आणि तो वर्षानुवर्षं तसाच राहतो.

पुढे बूथ वाढणार असेल तर मुख्य डक्ट आणि फिल्टरची पेटी आत्ताच थोडी मोठी करा, ब्लोअर आजच्या गरजेचा घ्या. पुली बदलून फेरे वाढवता येतात. फेऱ्यांच्या प्रमाणात हवा, वर्गाच्या प्रमाणात दाब, घनाच्या प्रमाणात ताकद. बूथच्या तोंडावर १ ऐवजी ०.९ मीटर वेग मिळाला तर फेरे ११ टक्के वाढवावे लागतील, पण शाफ्टची ताकद ३७ टक्के वाढेल. इंपेलर तेवढे फेरे सोसेल का हे उत्पादकाला विचारल्याशिवाय पुलीला हात लावू नका. पॉइंट दिवसभर उघडझाप होत असतील तर व्हीएफडी (मोटरचे फेरे कमी-जास्त करणारं उपकरण) घ्या. एरवी तो बहुतेकदा एकाच हर्ट्झवर पडून असतो.

चौकशी पाठवताना मी एवढंच लिहितो: १६,००० सीएमएच, स्टॅटिक दाब (वर काढलेला अडथळा) ३६० एमएम, जागेवरची घनता १.०८, फिल्टरनंतरची स्वच्छ हवा, सर्वांत थंड तापमान १५ अंश, बॅकवर्ड कर्व्ह, बेल्ट ड्राइव्ह, तोंडाची दिशा, आणि कर्व्हवर आमचा बिंदू खूण करून द्या. सेंट्रिफ्यूगल फॅनसाठीचं आयएस ४८९४ हे मानकही नमूद करतो. कर्व्ह द्यायला टाळाटाळ करणाऱ्याचं कोटेशन कितीही स्वस्त असलं तरी मी बाजूला ठेवतो.

बसवल्यावर

महागडं उपकरण लागत नाही. हार्डवेअरच्या दुकानातली पारदर्शक नळी दोन मीटर, लाकडी फळीवर यू आकारात ठोकलेली, मध्ये स्टीलची पट्टी, नळीत पाणी आणि पाण्यात दोन थेंब शाई. एक टोक डक्टला पाडलेल्या चार मिलिमीटरच्या भोकाला, दुसरं उघडं. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक मिलिमीटरमध्ये वाचा, तोच स्टॅटिक दाब. भोकाची आतली कड मात्र कानशीने साफ हवी, पत्र्याची बुरी राहिली तर आकडा खोटा येतो. फिल्टरच्या आधी आणि नंतर, ब्लोअरच्या तोंडाशी आणि बाहेर, अशा चार जागी वाचून वहीत तारखेसह लिहा.

मग अँपिअर. ४१५ व्होल्ट, ३८ अँपिअर, पॉवर फॅक्टर ०.८५ असेल तर १.७३२ × ४१५ × ३८ × ०.८५, म्हणजे २३.२ किलोवॅट आत आणि ९३ टक्क्यांनी २१.६ शाफ्टला. आपल्या २२ च्या अंदाजाशी हे जुळतं. पॉवर फॅक्टर नेमप्लेटवरून घेऊ नका, कमी भारावर तो खाली येतो. पॅनेलवर मल्टिफंक्शन मीटर असेल तर सरळ किलोवॅटच वाचा.

पहिल्या दिवशी बॅगा कोऱ्या असतात, फिल्टरवर १५० ऐवजी ५०-६० एमएमच दिसतील आणि हवा हिशेबापेक्षा जास्त वाहील. ऐकायला बरं वाटतं, पण त्या जादा वेगाने बारीक धूळ कोऱ्या कापडात खोल रुतते आणि पुढे पल्सिंगने, म्हणजे बॅगा झटकायच्या दाबाच्या हवेने, निघत नाही. म्हणून सुरुवातीला डॅम्पर थोडा दाबून ठेवायचा आणि बॅगांवर धुळीचा थर बसेल तसा हळूहळू उघडायचा. डॅम्परच्या दांड्याला पिवळ्या तेलरंगाने खूण करा आणि नट आवळून टाका, कारण पहिल्याच आठवड्यात कुणीतरी 'अजून ओढेल' म्हणून तो पूर्ण उघडून ठेवतोच.